महिन्यांचा मागोवा घेणारे शिक्षक : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. पन्नास वर्षे म्हणजे नेमकी किती, असे कोणी विचारले तर तो प्रश्न विक्षिप्त वाटेल. परंतु थोडा विचार केला की तो तसा राहत नाही. आमच्या कचेरीचे वर्ष एक एप्रिलला सुरू होते, मुलांच्या शाळेचे जूनच्या सुमारास, घरचे पाडव्याला आणि राजाजीनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या तमिळ कुटुंबाचे एप्रिलच्या चौदा तारखेच्या आसपास. एकाच जिन्यावर चार वर्षारंभ नांदतात आणि कोणाचेही कोणावाचून अडत नाही.

अडते ते क्वचित. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या कोजागिरीचा दिवस ठरविताना कार्यकारिणीत झालेला वाद जुन्या सभासदांना आठवत असेल. एकाने मुंबईहून आलेली दिनदर्शिका पुढे केली, दुसऱ्याने म्हैसूरकडचे पंचांग काढले आणि दोहोंत पौर्णिमेचा दिवस एकाने पुढेमागे निघाला. सभागृह शनिवारचेच मिळत होते म्हणून शनिवार ठरला, दूध आटले आणि वाद मिटला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. त्याच सुमारास कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने भारत सरकारच्या राजपत्रावरील शक दिनांकावर बोट ठेवून विचारले की, पाडवा दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, मग येथे चैत्राची पहिली तारीख नेहमी मार्चच्या बावीसलाच कशी? केंद्र सरकारच्या सेवेत जवळजवळ तीस वर्षे ते दिनांक पाहत व लिहीत आलो असूनही आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात ज्या पुरुषाची खरी ओळख झाली, त्यांचे चरित्र सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे वाटले.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म शके १७७५ च्या आषाढात, म्हणजे १८५३ च्या जुलै महिन्यात, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याच्या मुरूड या गावी झाला. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे महाराष्ट्रास परिचित झालेले मुरूड ते हेच. समुद्राकाठच्या या लहानशा गावात दीक्षितांचे प्राथमिक शिक्षण झाले. त्यानंतर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले, शिक्षकाचा अभ्यासक्रम त्यांनी उत्तम रीतीने पुरा केला आणि पुढे मॅट्रिकची परीक्षाही दिली. विश्वविद्यालयीन शिक्षण एवढेच. आमच्यासारख्या बी.ए. होऊन कचेरीत बसलेल्या माणसाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पदवी नसलेल्या या शिक्षकाच्या गणितावर पुढे जगातील नामांकित संशोधकांनी भरवसा ठेवला.

त्यांची सारी नोकरी शिक्षणखात्यात झाली. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे असा त्यांच्या बदल्यांचा क्रम आहे. केंद्र सरकारच्या नोकरांस बदली म्हणजे काय ते सांगावयास नको. सामान बांधणे, मुलांच्या शाळा बदलणे, नव्या गावी घर शोधणे यांतच माणसाचा उत्साह संपतो आणि मनात योजलेली कामे निवृत्तीनंतरच्या यादीत जाऊन पडतात. दीक्षितांस निवृत्ती लाभणारच नव्हती. त्यांनी दिवसा वर्ग घेतले, मुलांसाठी विद्यार्थीबुद्धिवर्धिनी व सृष्टचमत्कार यांसारखी पुस्तके लिहिली आणि उरलेल्या वेळात ज्योतिषाचा अभ्यास केला. येथे ज्योतिष म्हणजे भविष्यकथन नव्हे, तर आकाशातील ज्योतींच्या गतीचे गणित, हे नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

या अभ्यासाकडे ते वळले ते एका वादामुळे. त्या काळी महाराष्ट्रात पंचांगे बनत ती बहुधा ग्रहलाघव या ग्रंथावरून. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, रचलेला तो ग्रंथ गणितास अत्यंत सोपा होता; परंतु साडेतीनशे वर्षांत त्याचे आकडे आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडले होते. पंचांगात दिलेल्या वेळी ग्रहण लागेना. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या सूक्ष्म गणितावर आधारलेले पंचांग शके १७८७ पासून सुरू केले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. तेवढ्याने वाद संपला नाही. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांनी त्याहून मूलगामी प्रश्न वर्तमानपत्रांतून मांडला : वर्ष मोजावयाचे ते ताऱ्यांवरून की ऋतूंवरून?

हा प्रश्न समजून घेतल्यावाचून दीक्षितांचे जीवनकार्य समजणार नाही. सूर्य एखाद्या ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो त्या काळास नाक्षत्र वर्ष म्हणतात. वसंतसंपातापासून, म्हणजे दिवस आणि रात्र समान होतात त्या बिंदूपासून, निघून पुन्हा तेथे येतो ते सायन वर्ष. ऋतू याच्याशी बांधलेले असतात. दोहोंत फरक केवळ वीस मिनिटांचा. वर्षाकाठी वीस मिनिटे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत, पण सत्तर-बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो आणि सुमारे दोन हजार वर्षांत एक महिना. आपली पंचांगे ताऱ्यांचे, म्हणजे निरयन वर्ष धरतात. म्हणूनच उत्तरायण डिसेंबरच्या एकवीस-बावीसला सुरू होत असताना आपण तीळगूळ वाटतो तो जानेवारीच्या चौदा किंवा पंधराला. १८६३ साली, दीक्षित मुरुडास लहान असताना, मकरसंक्रांत बारा जानेवारीला आली होती. ती अशीच पुढे सरकत राहिली तर काही हजार वर्षांनी वसंताचा चैत्र पावसाळ्यात येईल, हे उघड आहे.

ठाण्यास असताना दीक्षितांची जनार्दन बाळाजी मोडक या ज्योतिषाभ्यासी गृहस्थांशी गाठ पडली. लेले, मोडक आणि दीक्षित या तिघांनी ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला आणि शके १८०६ च्या सुमारास तसे पंचांगही प्रसिद्ध होऊ लागले. त्याचे फारसे स्वागत झाले नाही. वार्षिक सण आणि संक्रांती मागे ओढणारे पंचांग घरात घ्यावयास कोण तयार होणार? मुंज, लग्न, श्राद्ध ही सारी पिढ्यान्‌पिढ्या ज्या दिवशी झाली, तो दिवसच चुकीचा होता, हे गणिताने सिद्ध झाले तरी मनास पटत नाही.

असा अनुभव आल्यावर पुष्कळ सुधारक कडवट होतात किंवा गप्प बसतात. दीक्षितांनी तिसरा मार्ग धरला, आणि त्यांचे मोठेपण आम्हांस येथेच दिसते. पंचांग कसे असावे याचा वाद क्षणभर बाजूस ठेवून ते कसे होत आले, याचा मुळापासून शोध घेण्याचे त्यांनी ठरविले. १८८४ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटीने या विषयावरील ग्रंथासाठी बक्षीस जाहीर केले होते, तेही निमित्त झाले. वेद, ब्राह्मणे, सूत्रे, वेदांगज्योतिष, महाभारत, सिद्धांतग्रंथ, करणग्रंथ यांतील कालवाचक उल्लेख त्यांनी एकेक करून वेचले. मोठ्या ग्रंथालयाच्या शहरी त्यांचा मुक्काम नव्हता. ही सामग्री त्यांनी बार्शीसारख्या गावी बसून जमविली. बक्षीस मिळाले, परंतु ग्रंथ छापून निघावयास १८९६ साल उजाडले. तोच त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास. वैदिक काळ, वेदांगकाळ आणि सिद्धांतकाळ अशी त्याची मांडणी असून शेकडो ग्रंथ आणि ग्रंथकार यांची माहिती त्यात आली आहे. एवढा मोठा शास्त्रीय ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, ही गोष्ट परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस विशेष अभिमानाची वाटते.

या ग्रंथात आम्ही रमलो ते महिन्यांच्या नावांत. चैत्र, वैशाख ही नावे नक्षत्रांवरून पडली, हे शाळेत सांगतात : ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ येतो तो चैत्र, विशाखेजवळ येतो तो वैशाख, कृत्तिकांजवळ येतो तो कार्तिक. परंतु त्यांच्याही आधी मधु, माधव, शुक्र, शुचि अशी बारा नावे होती आणि ती ऋतूंवरून पडली होती, हे दीक्षितांनी साधार दाखविले. म्हणजे आपल्या पूर्वजांनी महिन्यांस प्रथम हवेवरून हाक मारली आणि मग आकाशावरून. वर्ष या शब्दातच पाऊस आहे. शरद आणि हेमंत ही ऋतूंची नावे कधी काळी संपूर्ण वर्षासाठी वापरली जात. शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद आपण देतो तो त्यामुळेच. पौर्णमासी या शब्दात महिना पूर्ण झाल्याची खूण आहे. त्यावरून एके काळी महिना पौर्णिमेस संपत असला पाहिजे. उत्तर भारतात तो आजही तसा संपतो. आपल्याकडे आणि कर्नाटकात तो अमावास्येस संपतो. बारा चांद्रमासांचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे होते, म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना धरावा लागतो. आपल्या बायका त्यास धोंड्याचा महिना म्हणून जावयास वाण देतात. २०२३ साली श्रावण अधिक आला, तेव्हा राजाजीनगरातही आमच्या घरी ती प्रथा पाळली गेली. त्या अधिक महिन्याचे ज्ञान वेदकाळीही होते, हे दीक्षितांनी पुराव्यानिशी मांडले. त्याखेरीज चंद्राचे आणि सूर्याचे वर्ष जुळणार नाही आणि ऋतू हातचे निसटतील, ही काळजी तेव्हापासूनची आहे.

येथे आमच्या कन्नड शेजाऱ्यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांचा युगादी आणि आपला पाडवा एकाच दिवशी येतो, महिन्यांची नावे तीच, शक तोच, साठ संवत्सरांचे चक्रही तेच. फरक एवढाच की आपण वद्य पक्ष म्हणतो, त्यास ते बहुळ म्हणतात. उत्तरेकडील आमच्या सहकाऱ्यांशी मात्र कृष्णपक्षातील महिन्याचे नाव जुळत नाही. आमची श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदात मोडते, जरी गोकुळाष्टमी एकच असते. कालगणनेच्या नकाशावर आपण आणि कर्नाटक एकाच बाजूस आहोत, हे बंगळूरला आल्यावर आम्हांस उमगले; त्याचे कारण दीक्षितांच्या पानांत सापडले.

त्यांच्या गणिताचा दुसरा मोठा उपयोग इतिहासास झाला. गुप्त राजांचा शक नेमका केव्हा सुरू झाला, याविषयी त्या काळी संशोधकांत तीव्र मतभेद होते, कोणी इ. स. १६६ म्हणे, कोणी १९०. मध्ययुगीन प्रवासी अल्‌बेरूनी याने तो शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे नोंदवून ठेवले होते, परंतु त्यावर सर्वांचा विश्वास बसत नव्हता. गुप्तांचे कोरीव लेख संपादन करणारे डॉ. फ्लीट यांनी लेखांतील तिथिवारांची तपासणी दीक्षितांकडून करून घेतली. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळच्या स्तंभलेखात गुप्तवर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. दीक्षितांचे गणित निघाले २१ जून ४८४, आणि वार गुरुवार. अल्‌बेरूनीचे विधान आणि दगडावरील वार यांचा मेळ बसला. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गुप्तकाळाचा आरंभ इ. स. ३१९-२० च्या सुमारास निश्चित झाला. आज शाळेतील मुले गुप्त राजांची जी साले पाठ करतात, त्यांच्यामागे एका मराठी शिक्षकाची आकडेमोड आहे, हे किती जणांस ठाऊक असेल?

पुढे मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला; तोही १८९६ मध्येच लंडनला प्रसिद्ध झाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या सोळाशे वर्षांची कोष्टके त्यात असून कोणत्याही जुन्या तिथीची इंग्रजी तारीख त्यावरून काढता येते. कर्नाटकात शिलालेखांस तोटा नाही. देवळाच्या भिंतीवरील शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार यांचा जमाखर्च जुळविण्यास असे साधन हाती येणे, हे दक्षिणेच्या इतिहासास केवढे साह्य झाले असेल याची कल्पना करावी. गणकयंत्राचे नावही नसलेल्या काळात हे सारे हाताने केलेले आहे.

विद्वत्तेच्या या पसाऱ्यात ते आपला मूळ व्यवसाय विसरले नाहीत. १८९२ मध्ये त्यांनी ज्योतिर्विलास हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिले. रात्रीची दोन घटका मौज असे त्याचे दुसरे नाव आहे. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे जेवणानंतर अंगणात बसून आकाश पाहण्यास पुरेसा वेळ. मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना ताऱ्यांची ओळख या पुस्तकाने करून दिली.

शके १८२० च्या चैत्रात, एप्रिल १८९८ मध्ये, पुणे येथे दीक्षितांचे निधन झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. भारताच्या भूवर्णनावरील त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर, १८९९ मध्ये बाहेर आले. आम्ही आज ज्या वयात निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडीत आहो, त्याच्या कितीतरी आधी त्यांचा हिशेब पुरा झाला होता.

आता तरुण सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. दीक्षितांनंतर पंचांगाचा वाद थांबला नाही. १९०४ मध्ये मुंबईस पंचांगपरिषद भरली, लोकमान्य टिळकांनी शुद्ध पंचांगाची बाजू घेतली आणि कर्नाटकात नरगुंद येथे जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा पक्षाचा आग्रह धरला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने पंचांगसुधारणा समिती नेमली. देशात त्या वेळी सुमारे तीस पंचांगपद्धती चालू होत्या. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि उज्जैनच्या वेधशाळेशी संबंध असलेले र. वि. वैद्य ही मराठी मंडळी होती. १९५५ च्या अहवालात समितीने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी सायन वर्ष स्वीकारले. २२ मार्च १९५७ या दिवशी १ चैत्र १८७९ लिहून ती अमलात आली. वर्षारंभ संपाताच्या दुसऱ्या दिवशी. लीप वर्षी २१ मार्चला. चांद्रमासांशी तिचा संबंध नाही, म्हणून पाडवा हलतो आणि राजपत्रावरील चैत्र हलत नाही. ऋतूंशी महिन्यांची गाठ बांधण्याचे जे तत्त्व लेले, मोडक आणि दीक्षित यांनी मांडले व ज्याकडे लोकांनी पाठ फिरविली, तेच सत्तरएक वर्षांनी स्वतंत्र भारताच्या शासनाने मान्य केले. त्याच र. वि. वैद्य यांनी पुढे दीक्षितांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते भारत सरकारने दोन भागांत प्रसिद्ध केले.

मग दीक्षित जिंकले असे म्हणावयाचे काय? प्रामाणिकपणे तसे म्हणवत नाही. राष्ट्रीय दिनांक राजपत्रावर राहिला, घरात आला नाही. आम्ही स्वतः दिवसभर कचेरीत सायन चैत्र लिहितो आणि संध्याकाळी घरी येऊन निरयन संक्रांत करतो. आमच्या सौभाग्यवतींना तीळगूळ बावीस डिसेंबरला करण्यास सांगण्याचे धैर्य आम्हांस नाही. आणि खरे सांगावयाचे तर तशी इच्छाही नाही. सण शेजाऱ्यापाजाऱ्यांसह करावयाचा असतो. बरोबर दिवशी एकट्याने करण्यात काय गोडी? कोजागिरीच्या वादात आमची कार्यकारिणी शनिवारवर आली, ती गणितामुळे नव्हे, सर्वांना येता यावे म्हणून.

पण म्हणून गणित वाया गेले असेही नाही. आपण कोठे ढळलो आहोत, किती आणि का, हे ज्याला ठाऊक आहे तो तडजोड करतो. ज्याला ठाऊक नाही तो नुसता वाहत जातो. दीक्षितांनी आपल्याला सण बदलावयास लावले नाहीत. आपल्या महिन्यांच्या नावांत काय साठले आहे तेवढे दाखवून दिले. आपली पुढची पिढी कन्नड आणि इंग्रजी उत्तम बोलते. बारा मराठी महिने सलग म्हणताना मात्र आश्विनापाशी अडखळते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने तेवढे जरी मुलांकडून करून घेतले, तरी पुष्कळ झाले.

आणि एक गोष्ट गच्चीवरून करता येण्यासारखी आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे. त्यावरून दीक्षितांनी, कृत्तिका ठीक पूर्वेस केव्हा उगवत असतील याचे गणित मांडून, तो भाग इ. स. पूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा ठरविला आणि १८९५ मध्ये ते इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केले. या निष्कर्षाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ज्या बदलावर तो आधारला आहे, तो कोणासही डोळ्यांनी पाहता येतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर चंद्र उशिरा उगवू लागला की एखाद्या निरभ्र संध्याकाळी मुलांना घेऊन गच्चीवर जावे आणि कृत्तिकांचा पुंजका वर येताना पाहावा. राजाजीनगरातून पाहिले असता तो ठीक पूर्वेस उगवत नाही, सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. ते पंचवीस अंश म्हणजे दीक्षितांच्या हिशेबाचे पाच हजार वर्षे होत. दोन घटका वेळ काढून एवढे दाखविले, तर मुरूडच्या त्या शिक्षकाचे ऋण अल्पांशाने तरी फेडल्यासारखे होईल. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.